हॅम रेडिओच्या अँटेना ट्यूनरचा एसडब्ल्यूआर मीटर (पाठवलेल्या पॉवरपैकी किती परत येते यावरून जुळणी दाखवणारा) खोटं बोलतोय?

आधी अँटेना काढा. तिच्या भरवशावर कॅलिब्रेशन होत नाही. चांगला ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाच्या जागी पॉवर पचवणारा रेझिस्टर) लावा आणि ट्यूनर बायपासवर ठेवा, म्हणजे त्याचं जुळणी सर्किट मधे येणार नाही. एसएसबीवर (आवाजाबरोबर पॉवर वरखाली होणारा मोड) बोलत बसू नका, सलग कॅरियर म्हणजे एकसारखा सिग्नल हवा: सीडब्ल्यू (मोर्सचा मोड, की दाबून धरा) किंवा एफएम.

सुरुवात १०–२० वॅटवर करा. २८ मेगाहर्ट्झला ब्रिजचा (मीटरमधलं मोजणारं सर्किट) ट्रिमर, म्हणजे जुळवणीचा छोटा कपॅसिटर, हळूहळू फिरवून रिफ्लेक्टेडचा (परत येणाऱ्या पॉवरचा) काटा शून्यावर आणा. पेचकस प्लास्टिकचाच घ्या. लोखंडी टोक जवळ नेलं तरी काटा सरकतो आणि हात काढला की सगळं बिघडतं. मग ७ मेगाहर्ट्झला शून्य टिकतंय का बघा.

शून्य नीट बसल्याशिवाय पॉवरच्या प्रीसेटला (वॅटचं रीडिंग जुळवायचा छोटा स्क्रू) हात लावू नका. जुळवायला भरवशाचा वॅटमीटर नसेल तर डमी लोडवर १०:१ प्रोबने (व्होल्टेज दहापट कमी करून दाखवणारा) ऑसिलोस्कोप लावा, पण प्रोबची व्होल्टेज मर्यादा त्या फ्रीक्वेन्सीला किती उरते ते आधी पाहा. १०० वॅटला शिखर ते शिखर २०० व्होल्ट दिसले पाहिजेत, २५ वॅटला १००.

शेवटची परीक्षा माझ्या आवडीची: टी-कनेक्टरवर ५० ओहमचे दोन डमी लोड समांतर जोडा. २५ ओहम झाले, म्हणजे मीटरने २:१ दाखवायला हवं, रिफ्लेक्टेड साधारण ११ टक्के. ही तपासणी खालच्या बँडवर करा, वर कनेक्टरची लांबीच घोळ घालते.