जुन्या पद्मिनीचे वायरिंग उघडण्यापूर्वी

गेल्या ऑक्टोबरात मी माझ्या १९७९ च्या प्रीमियर पद्मिनीचा फ्यूजबॉक्स, डेल्कोचे (प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचे) झाकण आणि बोनेटखालचे जवळजवळ सगळे वायरिंग बदलले आणि इंजिन व बॉडी यांना जोडणारी अर्थची पट्टी परत न लावताच सेल्फ (स्टार्टर मोटर) मारला. इंजिन कण्हल्यासारखे अर्धे फिरले, डॅशबोर्डवरच्या चोकच्या मुठीभोवतून पांढरा धूर आला आणि खाली वाकून पाहिले तेव्हा चोकच्या केबलचे काळे आवरण मेणासारखे ओघळून शेजारून नेलेल्या नव्या वायरींवर चिकटले होते. दोन दिवसांचे काम पाच सेकंदांत वाया गेले. आता नोंदणीच्या नूतनीकरणाआधी हेडलाइटचे होल्डर, डॅशबोर्डमागची जोडणी आणि डिकीकडचे वायरिंग करायचे आहे, म्हणून ही तयारी लिहून ठेवत आहे. जुनी गाडी जपणाऱ्या कोणालाही ती उपयोगी पडावी. पट्टीचा उल्लेख खाली पुन्हा पुन्हा येईल. तो कंटाळवाणा वाटला तरी वगळून पुढे जाऊ नये.

पहिला प्रश्न वेळेचा आहे. पावसाळ्यात हे काम काढूच नये. ठाण्यात जून ते सप्टेंबर हवेतच इतके पाणी असते की उघड्या ठेवलेल्या तांब्यावर लगेच काळपट थर येऊ लागतो, आणि आमच्यासारखे खाडीपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्यांना तर खारी हवा बारा महिने सोसावी लागते. डिसेंबर-जानेवारीतही काम सकाळी सुरू करू नये. जुने प्लास्टिक गारव्यात अधिक ठिसूळ होते आणि जो कनेक्टर दुपारी दोन वाजता निमूटपणे सुटतो, तोच सकाळी सात वाजता हातात तुकडे होऊन येतो. लागोपाठ दोन दिवस मोकळे ठेवावेत. एक रविवार पुरेल असे मनाशी धरून कामाला लागणारा माणूस संध्याकाळी घाई करतो आणि पट्टी विसरतो.

वायरिंगला हात लावण्याआधी पेट्रोलचे रबरी पाइप पाहावेत. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि ते जुन्या रबराला मानवत नाही. रबर फुगते, मऊ पडते किंवा त्याला भेगा जातात. पाइप बोटांनी वाकवून पाहावा, भेग दिसली तर तो आधी बदलावा आणि मगच ठिणगीशी संबंधित कामाला हात घालावा. ड्राय पावडरचे अग्निशामक गाडीत किंवा डिकीत नको, हाताशी जमिनीवर हवे.

सुटे भाग जुने काढण्यापूर्वी घरात आलेले असावेत, यात तडजोड नको. पद्मिनीचे उत्पादन कुर्ल्याच्या कारखान्यात २००० च्या सुमारास थांबले, पण त्यानंतरही बरीच वर्षे मुंबईच्या टॅक्सींमुळे बाजारात भागांची वाण नव्हती. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि २० वर्षांची मर्यादा संपल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून उतरली. त्यामुळे कुर्ल्याला किंवा चोरबाजारात जे मिळते ते बहुधा दुकानात पडून राहिलेले किंवा मोडीतून काढलेले असते. ‘नवे कोरे’ म्हणून पिशवीतून निघालेला बेकेलाइटचा भागही तीस वर्षांचा असू शकतो. डेल्कोचे झाकण घेताना ते उन्हात तिरके धरून आतून पाहावे. केसासारखी बारीक काळी रेघ दिसली तर ते बाजूला ठेवावे, कारण ती बहुधा कोळशाची वाट असते, दमट हवेत ठिणगी तिच्यावरूनच पळते आणि इंजिन पावसात झटके खायला लागते. मधला कार्बन बोटाने दाबावा, तो स्प्रिंगवर मागे जाऊन परत आला पाहिजे. डेल्कोतले रोटर, कंडेन्सर आणि झाकण हे तिन्ही दोन-दोन घ्यावेत.

वायर ऑटोचीच घ्यावी. घराच्या वायरिंगचे उरलेले भेंडोळे वापरण्याचा मोह अनेकांना होतो, पण बोनेटखाली उष्णता, तेल आणि सततची थरथर असते आणि ती वायर त्यासाठी केलेली नसते. जाडी अंदाजाने ठरवू नये, हिशेब सोपा आहे. ६० वॅटचा एक हेडलाइट १२ व्होल्टवर ५ अँपिअर ओढतो, दोन मिळून १०, म्हणून त्यांच्या मुख्य वायरीला २.५ चौरस मिलिमीटर घ्यावे. टेललाइटचा ५ वॅटचा बल्ब अर्धा अँपिअरही घेत नाही, तिथे १ चौरस मिलिमीटर पुरते. शिवाय तांब्याची थिंबले (वायरीच्या टोकावर दाबून बसवायची टोपणे), गरम केल्यावर आकसणारी स्लीव्ह, कापडी टेप आणि रबराचे ग्रोमेट घ्यावेत. पीव्हीसी टेप घेऊ नये, उष्णतेने तिचा गोंद सुटतो आणि वर्षभरात सगळे चिकट होते. ग्रोमेट मोजून नव्हे, दुप्पट आणावेत. इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्यातून वायर जिथे आत जाते तिथले रबर दगडासारखे झालेले असते आणि ते फुटले की पत्र्याची धार थेट वायरीवर घासते.

आणि पट्टी नवी आणावी. जुनी धुऊन परत लावू नये. ही विणलेली तांब्याची, हाताच्या दोन बोटांइतकी रुंद पट्टी असते. माझ्या गाडीत ती गिअरबॉक्सपाशी आहे, तुमच्या गाडीत कुठे आहे ते काम सुरू करण्यापूर्वी शोधून ठेवावे. तिचे महत्त्व कळण्यासाठी इतके लक्षात घ्यावे, की इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असते, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते बॉडीपासून तुटलेले असते. बॅटरीची निगेटिव्ह बॉडीला जोडलेली असते आणि सेल्फ मारताना शंभर-दीडशे अँपिअरचा प्रवाह इंजिनातून बॉडीकडे परतायला हवा असतो. पट्टी नसली तर तो थांबत नाही. इंजिनाला आणि बॉडीला एकाच वेळी टेकलेली जी कोणती धातूची वस्तू सापडेल तिच्यातून तो जातो. ती वस्तू म्हणजे चोकची, अ‍ॅक्सिलरेटरची किंवा स्पीडोमीटरची केबल. सेल्फच्या मुख्य मार्गात फ्यूज नसतो, त्यामुळे काही उडत नाही, काही थांबत नाही, फक्त केबल तापत जाते.

हत्यारांबद्दल फार सांगण्यासारखे नाही: पाने, स्क्रू ड्रायव्हर, मल्टिमीटर, थिंबल दाबण्याची खरी पक्कड (साध्या पकडीने चेपलेले थिंबल सहा महिन्यांत सैल होते), केस वाळवण्याचा ड्रायर आणि होल्डरसह २१ वॅटचा एक बल्ब.

आता सोडवण्याआधीचे काम. बॅटरीचे कोणते टोक बॉडीला जोडले आहे ते डोळ्यांनी पाहावे. पद्मिनीत ते निगेटिव्ह असते, पण काही जुन्या गाड्यांत पॉझिटिव्ह बॉडीला असते. बॉडीकडचे टोक आधी काढावे आणि शेवटी लावावे, म्हणजे पाना चुकून पत्र्याला टेकला तरी ठिणगी पडत नाही. फोटो भरपूर काढावेत, पण फक्त फोटोंवर विसंबू नये. पंचेचाळीस वर्षांत तपकिरी, लाल आणि जांभळी या तिन्ही वायरी एकाच मातकट रंगाच्या झालेल्या असतात आणि पार्किंगच्या ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत त्यांच्यात काहीच फरक दिसत नाही. प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना चिठ्ठी लावावी आणि तिच्यावर रंग न लिहिता ती कुठून निघते आणि कुठे जाते ते लिहावे. प्लगच्या वायरी एकेक करूनच बदलाव्यात. सगळ्या एकदम काढल्या तर प्लग पेटण्याचा १-३-४-२ हा क्रम ठाऊक असूनही झाकणावर एक नंबर कुठला यावर अर्धा तास जातो.

पट्टी काढावी लागली, तर ती डब्यात, ट्रेमध्ये किंवा बाकीच्या नटबोल्टांबरोबर ठेवू नये. मागच्या वेळी मी ती रॉकेलच्या डब्यात भिजत घातली होती आणि ती तिथेच राहिली. ती तिच्या दोन बोल्टांसह बॅटरीच्या निगेटिव्ह क्लॅम्पलाच बारीक तारेने बांधून टाकावी. अर्थात बांधायची ती नवी आणलेली, जुनी नको. मग पट्टी हातात आल्याशिवाय बॅटरी जोडताच येणार नाही.

ठिसूळ भाग काढताना घाई करू नये, यादीत सर्वांत जास्त वेळ इथेच राखून ठेवावा. जुन्या वायरीवरचे पीव्हीसी कडक होते, कारण त्याला लवचिक ठेवणारे द्रव्य उष्णतेने हळूहळू उडून गेलेले असते. अशी वायर जिथे वळते तिथे तिला नखभर अंतरावर आडव्या चिरा असतात आणि ती सरळ करायला गेले की आवरण कवचासारखे गळून पडते. म्हणून कनेक्टर सोडवण्याआधी त्यावर ड्रायरची गरम हवा मिनिटभर सोडावी, पेंट काढण्याची हीट गन वापरू नये, आणि कनेक्टर वायरीला धरून न ओढता अंगाला धरून ओढावा. ड्रायर पेट्रोलच्या पाइपांपासून लांब ठेवावा. माझ्या गाडीच्या फ्यूजबॉक्समध्ये ८ अँपिअरचे, दोन्ही टोकांना निमुळते, चिनी मातीचे फ्यूज बसतात. जुना बॉक्स काढला तेव्हा त्याचे पितळी चिमटे हिरवट पडलेले होते, एका चिमट्याभोवतीचे प्लास्टिक तपकिरी होऊन बिस्किटासारखे भुसभुशीत झाले होते आणि त्या फ्यूजला कधीकाळी कोणीतरी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली होती. हे कधीही करू नये आणि कोणी केलेले आढळले तर त्या फ्यूजवर चालणारी वायर अखंड नवी घालावी, कारण ती आतून भाजलेली असण्याची शक्यता दाट असते.

वायर कापल्यावर तांबे पाहावे. ते काळे किंवा हिरवे असेल तर आणखी बोटभर मागे कापावे आणि चकचकीत तांबे लागेपर्यंत कापत जावे. सहा-सात इंच कापूनही काळेच लागले, तर तिथे जोड देण्याचा विचार सोडावा आणि ती वायर पूर्ण बदलावी. नौपाड्यातल्या ज्या वयस्कर वायरमनकडे मी ओघळलेले वायरिंग घेऊन गेलो होतो, त्यांनी एक काळे टोक माझ्यासमोर सोलून सांगितले, “साहेब, वरून रंग बघू नका, आत बघा. वायर आतून मरते.” मी म्हटले, “काका, पण अर्थची पट्टी विसरलो, त्याचं काय?” त्यावर त्यांनी विचारले, “ती आधी हातात का नव्हती?” पट्टी क्लॅम्पला बांधण्याची युक्ती त्यांचीच आहे.

जोड देताना थिंबल दाबावे, वर स्लीव्ह चढवावी. डाग देण्याची (सोल्डर करण्याची) सवय असलेल्यांनी इतके ध्यानात ठेवावे, की डाग जिथे संपतो तिथे वायर ताठ होते आणि थरथरीने नेमकी तिथेच तुटते, त्यामुळे डाग दिलाच तर पुढच्या भागाला आधार द्यावा. हेडलाइटचे होल्डर बदलताना सोबत रिले (थोड्या प्रवाहावर चालून मोठा प्रवाह जोडणारा स्विच) बसवावा. मूळ रचनेत सगळा प्रवाह डॅशबोर्डच्या जुन्या स्विचमधून जातो आणि तो स्विच आतून तितकाच ठिसूळ असतो. रिले घातला की स्विचवर नाममात्र भार राहतो. रिलेच्या पॉझिटिव्हला बॅटरीजवळ स्वतंत्र फ्यूज हवाच. दिव्यांचे अर्थ बॉडीला जिथे बसतात तिथला रंग आणि गंज खरवडावा, थिंबल घट्ट आवळावे आणि आवळल्यानंतर वरून व्हॅसलीन लावावे.

हॉर्न, वायपर, इंडिकेटर आणि मागचे दिवे यांना हाच नियम लागू आहे. डिकीकडच्या वायरी गालिच्याखालून जातात, तिथे ओल असते, एवढे पाहावे. इंडिकेटर एका बाजूला भरभर लुकलुकला तर बल्ब किंवा अर्थ बघावा, फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा भाग) बदलू नये.

आता बॅटरी. संध्याकाळ झाली असेल, हात काळे झाले असतील आणि एकदा सेल्फ मारून पाहण्याची ओढ लागली असेल, तरी इथे थांबावे. पट्टी क्लॅम्पवरून सोडवून इंजिन आणि बॉडी या दोन्ही ठिकाणी आवळली का? दोन्ही बोल्टांखालचा रंग खरवडला का? टॉर्च घेऊन खाली जाऊन डोळ्यांनी पाहिले का? आठवणीवर हो म्हणू नये. मल्टिमीटरने इंजिन आणि बॉडी यांमधला रोध मोजावा, तो जवळजवळ शून्य आला पाहिजे. मात्र एका बारीक केबलमधूनही तो कमीच दिसेल, म्हणून मीटर पाहिला तरी पट्टीवर हात ठेवून खात्री करावीच.

मग पॉझिटिव्ह लावावी, सगळे स्विच बंद ठेवावेत, दारे मिटावीत आणि निगेटिव्हचे टोक व क्लॅम्प यांच्या मध्ये तो २१ वॅटचा बल्ब जोडावा. बल्ब पूर्ण पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे, तिथेच थांबून शोधावे. पेटला नाही तर बल्ब काढून क्लॅम्प बसवावा, पण पहिल्या सेल्फपुरता हातानेच घट्ट करावा, म्हणजे गरज पडल्यास पाना न शोधता ओढून काढता येतो. दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगावे आणि स्वतः मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर धरावी. सेल्फ फिरत असताना आकडा ०.२ व्होल्टच्या आसपास असावा. ०.५ च्या वर गेला तर ताबडतोब थांबवून बॅटरीची निगेटिव्ह केबल आणि पट्टीचे बोल्ट पुन्हा उघडावेत.

त्यानंतर चोकच्या केबलला हात लावून पाहावे. ती थंड लागली की क्लॅम्प पान्याने आवळावा, दिवे, हॉर्न आणि वायपर तपासावेत आणि उरलेले फ्यूज, रोटर व जादा झाकण डिकीत ठेवून बोनेट लावावे.