ड्रायसूटच्या आत काय घालता? या चुका टाळा

ड्रायसूट पाणी अडवतो, थंडी नाही. थंडी अडवायचं काम आतल्या अंडरसूटचं. पण सोलापुरातून थंड पाण्यात डायव्हिंगला निघालेली पोरं सगळं बजेट सूटवर, नाहीतर कॅमेऱ्यावर उडवतात आणि आतल्या कपड्यांचा विषय निघाला की म्हणतात, "घरातलंच काहीतरी घालतो की सर."

घरातलं म्हणजे सुती. सोलापूरकराला सुताविरुद्ध काही सांगणं अवघडच.

आइसलंडमधल्या सिल्फ्राचं, म्हणजे पाण्याने भरलेल्या जमिनीतल्या भेगेचं, पाणी बारा महिने 2 ते 4 अंश असतं. तिथे आमच्यासोबत साखर पेठेतला एक पोरगा होता, घरचा टॉवेलचा धंदा. अंडरसूट थिन्सुलेटचा, म्हणजे बारीक कृत्रिम धाग्यांच्या उबदार भरणाचा, चांगला महागाचा. आत मात्र जाड सुती बनियन आणि टेरीचे मोजे. मी टोकलं, तर म्हणाला, "प्युअर कॉटन आहे सर, घाम शोषतं." अरे, तेच तर दुखणं! शोषतं आणि धरून बसतं. त्यात साहेब सूटची झिप लावून पार्किंगमध्ये फोटो काढत उड्या मारत होते. पाण्यात शिरल्यावर थोड्याच वेळात दात वाजायला लागले, गाइडने परत फिरवलं. वर आल्यावर "सूट गळतोय" म्हणून तक्रार सुरू. सूट काढून पाहिला तर मनगट कोरडं, मान कोरडी, झिपच्या कडेला थेंब नाही. बनियन तेवढं पाठीला असं चिकटलेलं की सोलून काढावं लागलं, आणि पायांवर टेरीच्या टाक्यांचे वळ.

गळती असेल तर ओल बहुधा एका जागेपासून पसरते: मनगट, मान, झिप, व्हॉल्व्ह. पाठ आणि काखा सारख्याच भिजल्या असतील, तर तो घाम. भिजल्यावर हवेची जागा पाणी घेतं, आणि पाणी हवेपेक्षा साधारण 25 पट वेगाने उष्णता ओढून नेतं. मी मेरिनो लोकरीचा पातळ थर वेगळ्या पिशवीत ठेवतो, पाण्याशेजारी जाऊनच अंगात घालतो आणि झिप सगळ्यात शेवटी लावतो. बाकीच्यांनी घाई केली तर करू देत.

दुसरं खूळ जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरमागे कापड किती ग्रॅम भरतं त्या आकड्याचं. टॉवेलच्या गावातली माणसं, आकडा मोठा म्हणजे माल भारी हे डोक्यात पक्कं. पण फ्लीसचा जीएसएम आणि थिन्सुलेटचा आकडा एका तराजूत घालता येत नाहीत. ऊब कापडाच्या वजनाची नसते, त्यात अडकलेल्या हवेची असते. ती हवा दाबली की ऊब गेली, म्हणून मापात कंजुषी नको. शर्टाचं माप टाकून ऑनलाइन मागवणाऱ्यांना मी सल्ला देणंच सोडलंय. अंडरसूट आणि त्यावर सूट घालून उकिडवं बसा, दोन्ही हात छातीवरून विरुद्ध खांद्यांना लावा, डोक्यामागे हात नेऊन पाहा. कुठेही ताणलं तर माप लहान. बुटातही तसंच: मोज्यांवर मोजे कोंबले की रक्तच फिरत नाही, पाय आणखी गारठतात. ही तपासणी रात्री पंखा लावून करा. मे महिन्यात सोलापुरात अंडरसूट घालून "गरम वाटतोय, भारी आहे" म्हणणाऱ्यापुढे हात जोडतो!

ट्रायलॅमिनेट, म्हणजे तीन पातळ थरांच्या कापडाच्या सूटला स्वतःची ऊब नसते, त्यामुळे निओप्रीनवाल्या (फोमसारख्या रबराचा सूट घालणाऱ्या) मित्राचा अंडरसूट पाहून आपला ठरवू नका.

अंडरसूटची बाही मनगटाच्या सीलखाली, म्हणजे पाणी अडवणाऱ्या घट्ट पट्टीखाली गेली की पाणी आत आलंच.

अंडरसूट जाड केला की पाण्याखाली जाण्यासाठी अंगावर लावायचं शिसं वाढवावं लागतं. उथळ पाण्यात, सिलिंडर जवळजवळ रिकामा असताना वजन पुन्हा तपासा.

धुताना फॅब्रिक सॉफ्टनर नको.

आणि ते बॅटरीवर तापणारं जाकीट. पातळ अंडरसूटवर भागवायला ते घेणारे बरेच दिसतात. बॅटरी पाण्यातच बंद पडली, तर वर येईपर्यंत, वाटेत शरीरात विरघळलेला वायू हळूहळू बाहेर पडावा म्हणून घ्यायच्या डीकंप्रेशनच्या थांब्यांसकट, आतल्या कपड्यांवरच निभावावं लागतं. त्यामुळे आधी जाकीट बंद ठेवून पुरेल असा अंडरसूट घ्या, पैसे उरले तर जाकीट.