तलावाच्या फोटोत आधी पायाजवळ बघा

नागपूरच्या अंबाझरी तलावावर संध्याकाळी गेलं की सगळे मोबाइल सूर्याकडे वळतात. फोटोत मग वर आभाळ, खाली पाणी आणि मधोमध आडवी रेघ, एवढंच उरतं. सूर्याकडे वळण्याआधी पायाजवळ काय आहे ते शोधा: ओला दगड, गवताचा झुबका, काठावर टेकलेली होडी. खाली बसा आणि कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणा. तोच दगड फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यात मोठा दिसतो आणि नजर तिथून पाण्यावरून पुढे जाते. फोटोला खोली येते ती यामुळे.

क्षितिज मध्यावर नको. ढग भरून आले असतील तर क्षितिज खाली घ्या, आभाळ कोरं असेल तर वर. पाणी अगदी स्थिर असून प्रतिबिंब पूर्ण पडलं असेल, तर मात्र मध्यावरच शोभतं. मोबाइलमधली ग्रिड, म्हणजे पडद्यावरच्या आडव्या-उभ्या रेघा, चालू ठेवा, पाणी तिरकं झालेलं लगेच कळतं. फोकस आणि उजेड पक्का करण्यासाठी सूर्याशेजारच्या आभाळावर बोट दाबून धरा, रंग फिके पडत नाहीत.

नागपूरच्याच फुटाळा तलावावर हीच युक्ती चालते, पण काठावर गर्दी फार. मला विचाराल तर पहाटे रामटेक गाठा. अंबाळा तलावाच्या घाटाच्या पायऱ्या तिरक्या रेषांसारख्या थेट पाण्यात उतरतात आणि काठची देवळं आपोआप फ्रेमला धरून ठेवतात. उन्हाळ्यात उशीर नको, ऊन चढलं की आभाळ पांढरं पडतं. फाल्गुनात जाताना वाटेत पळस फुललेला दिसला, तर गाडी थांबवाच.