नायट्रिक ऑक्साइड वाढवायचंय? आर्जिनिनऐवजी सिट्रुलिन का आणि किती घ्यावं

रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातल्या पेशी एल-आर्जिनिन या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड बनवतात. हा वायू शेजारच्या स्नायूपेशींत शिरला की स्नायू सैल पडतो आणि वाहिनी रुंदावते. तो जेमतेम काही सेकंद टिकतो, त्यामुळे सतत नव्याने बनावा लागतो. हे कोडं उलगडणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ साली नोबेल मिळालं.

मग सरळ आर्जिनिनच का घेऊ नये? कारण तोंडावाटे घेतलेल्या आर्जिनिनचा बराचसा भाग आतडं आणि यकृतातच आर्जिनेज हे एन्झाइम फोडून टाकतं. सिट्रुलिन या दुसऱ्या अमिनो आम्लाला ते हात लावत नाही. सिट्रुलिन यकृताला चुकवून मूत्रपिंडात पोहोचतं आणि तिथे त्याचंच आर्जिनिन होतं. म्हणून तेवढ्याच ग्रॅममध्ये रक्तातलं आर्जिनिन सिट्रुलिनने जास्त वाढतं आणि जास्त वेळ वाढलेलं राहतं.

पण एक गोष्ट आधीच समजून घ्या. निरोगी माणसाच्या रक्तात नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या एन्झाइमला पुरेल इतकं आर्जिनिन एरवीही असतं, त्यामुळे तरुण, धडधाकट व्यक्तीला फार फरक जाणवेलच असं नाही. वय, उच्च रक्तदाब किंवा एडीएमए नावाच्या अडथळा आणणाऱ्या रेणूमुळे अस्तराचं काम मंदावलेलं असेल, तर फायद्याची शक्यता जास्त.

मात्रा. शुद्ध एल-सिट्रुलिन दिवसाला ३ ते ६ ग्रॅम. रक्तदाबासाठी घेत असाल तर सकाळी-संध्याकाळी निम्मं-निम्मं; व्यायामासाठी असेल तर आधी साधारण तासभर, २५० मिली पाण्यात. डब्यावर 'सिट्रुलिन मॅलेट २:१' लिहिलं असेल तर हिशोब बदलतो: हे प्रमाण वजनाचं असेल तर ६ ग्रॅम पावडरीत सिट्रुलिन ४ ग्रॅमच, बाकी मॅलिक आम्ल. आंबट चव त्याचीच. तसंच आर्जिनिन हायड्रोक्लोराइडच्या १ ग्रॅममध्ये आर्जिनिन सुमारे ०.८३ ग्रॅम असतं. चमच्यावर विसंबू नका. पावडर दाबून भरली की तोच चमचा बराच जड होतो. ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा वापरा. आणि लेबलवर सगळ्या घटकांचं मिळून एकच वजन दिलेलं असेल तर तो डबा घेऊच नका, आत सिट्रुलिन किती ते कळायला मार्ग नसतो.

सुरुवात १.५ ग्रॅमने करा, तीन-चार दिवसांनी वाढवा. आर्जिनिन एका वेळी ९-१० ग्रॅमच्या पुढे गेलं की जुलाब लागतात. सिट्रुलिन पोटाला बरंच सोसतं.

कोणी घेऊ नये. छातीत दुखण्यावर नायट्रेटच्या गोळ्या किंवा सिल्डेनाफिल (व्हायग्रा) यासारखं औषध चालू असेल तर नाही, रक्तदाब एकदम कोसळू शकतो. रक्तदाबाच्या गोळ्या असतील किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच. हार्ट अटॅकनंतर तर आर्जिनिन नकोच: २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा रुग्णांना रोज ९ ग्रॅम आर्जिनिन दिलं होतं. आर्जिनिन घेणाऱ्या गटात ६ मृत्यू झाले, दुसऱ्या गटात एकही नाही, आणि चाचणी थांबवावी लागली.

परिणाम मोजायला लाळेची पट्टी वापरू नका. ती नायट्राइट दाखवते आणि ते मुख्यतः पालेभाज्या, बीट यांतल्या नायट्रेटवरून ठरतं. तो मार्गच वेगळा. व्यायामात दंड फुगल्यासारखा वाटणं हाही पुरावा नव्हे. त्यापेक्षा पावडर सुरू करण्याआधी आठवडाभर रक्तदाब लिहून ठेवा: पाच मिनिटं शांत बसून, पाय जमिनीवर टेकवून, दंड हृदयाच्या पातळीला ठेवून, मिनिटभराच्या अंतराने दोनदा. सुरू केल्यावर सहा आठवडे त्याच वेळी, तसंच मोजा. आठवड्याची सरासरी ताडून बघा, एखाद्या दिवसाच्या आकड्यावर जाऊ नका. सरासरी हललीच नाही तर मात्रा वाढवत बसू नका, पावडर बंद करा.