मेथोट्रेक्सेटचं आठवड्याचं इंजेक्शन: कुठला त्रास चालवून घ्यायचा आणि कशावर लगेच फोन करायचा

मेथोट्रेक्सेट लिहून दिलं की बहुतेक जण घरी येऊन आधी नेटवर बघतात आणि पहिल्याच ओळीत कॅन्सरचं औषध असं वाचून हबकतात. आमच्याकडे तेच झालं, आईला संधिवातासाठी दिलं होतं आणि ती म्हणाली मला काहीतरी मोठं झालंय, तुम्ही लपवताय. तर हे आधी डोक्यातून काढा. कॅन्सरमध्ये हेच औषध कधी कधी शेकड्याने, हजाराने मिलिग्रॅम देतात, संधिवात किंवा सोरायसिसला आठवड्याला साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम. अमेरिकेत संधिवातासाठी याला १९८८ सालीच मान्यता मिळाली, म्हणजे याचे साइड इफेक्ट डॉक्टरांना नवीन नाहीत, आपल्याला नवीन असतात.

साइड इफेक्टच्या आधी एक गोष्ट. आठवड्यातून एकदाच, रोज नाही. या औषधाचे काही सगळ्यात वाईट प्रकार चुकून रोज घेतल्यामुळे झालेत. वार ठरवा, कॅलेंडरवर खूण करा, टोचून झालं की लगेच खोडा. आणि आधी गोळ्या चालू असतील आणि आता इंजेक्शनवर आला असाल तर जुनी पाकिटं घरातून काढून टाका, दोन्ही घेतलं जायला एक विसराळू सकाळ पुरते. जास्त गेलं असं नुसतं वाटलं तरी लक्षणांची वाट बघू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. फोलिनिक अ‍ॅसिड नावाचा उतारा असतो पण तो जितका लवकर मिळेल तितका उपयोगी.

आता नेहमीचा त्रास. दुसऱ्या दिवशी मळमळ, थकवा, डोकं जड, जेवण नको वाटणं, हे बऱ्याच जणांना होतं आणि साधारण एक-दोन दिवसात ओसरतं. आम्ही रात्री झोपायच्या आधी टोचायला लागलो आणि वार असा निवडला की दुसऱ्या दिवशी कुठे जायचं नसेल, त्याने बराच फरक पडला. डॉक्टर सोबत फॉलिक अ‍ॅसिड देतात ते ताकदीची गोळी समजून टाळू नका, मेथोट्रेक्सेट शरीरातल्या फोलेट नावाच्या जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणतं आणि तोंड येणं, मळमळ यातलं बरंचसं त्यातून होतं, ते कमी करायला ही गोळी. कुठल्या दिवशी घ्यायची ते विचारून घ्या, बरेच डॉक्टर इंजेक्शनच्या दिवशी नको म्हणतात.

टोचलेल्या जागी थोडी लाली, खाज चालते. पोट किंवा मांडी, दर वेळी जागा बदला, बेंबीपासून चार-पाच सेंटिमीटर लांब. औषध पिवळंच असतं, ते बघून खराब झालं समजू नका. हातावर सांडलं तर साबणाने धुवा, आणि घरात कोणी गरोदर असेल तर तिला हे हाताळायला देऊ नका.

फोन कधी करायचा? ताप आला, घसा धरला तर त्याच दिवशी, कारण या औषधाने पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात आणि साधं वाटणारं इन्फेक्शन वाढू शकतं. तोंडात फोड येऊन गिळता येत नाही इतपत झालं तर. कारण नसताना निळे डाग उठले, हिरड्यांतून रक्त आलं तर. डोळे पिवळे, लघवी गडद झाली तर. नागीण उठली किंवा कांजिण्या झालेल्या माणसाजवळ बसलात तरी सांगा. या सगळ्यात पुढचं इंजेक्शन डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचं नाही.

दोन गोष्टींकडे लोक दुर्लक्ष करतात म्हणून वेगळं लिहितेय. एक म्हणजे कोरडा खोकला. नवीन खोकला, सोबत जिना चढताना दम लागतोय, ताप असेल किंवा नसेल, तर हवा बदलली असेल म्हणून कफ सिरप पीत बसू नका, क्वचित हे औषध फुप्फुसाला सूज आणतं आणि ते लवकर धरावं लागतं. दम जास्त असेल तर फोन नाही, थेट इमर्जन्सी. दुसरं म्हणजे उलट्या-जुलाब. हे औषध मुख्यतः किडनीवाटे बाहेर पडतं, अंगातलं पाणी कमी झालं की किडनीचं काम मंदावतं, औषध आतच साचतं आणि नेहमीचाच डोस जास्त झाल्यासारखा वागतो. त्यामुळे पोट बिघडलंय आणि आजच वार आहे तर आधी डॉक्टरांना विचारा मग सुई उघडा.

अजून एक. लघवीच्या इन्फेक्शनला वगैरे दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर मेथोट्रेक्सेट चालू आहे हे आधी बोला, कारण ट्रायमेथोप्रिम किंवा को-ट्रायमॉक्साझोल ही अँटिबायोटिक्स सोबत घेतली तर रक्तपेशी धोकादायक कमी होऊ शकतात. पेनकिलर मनाने सुरू करू नका. दारू टाळलेली बरी, लिव्हरवर आधीच भार असतो. मूल हवं असेल, बाई असो वा पुरुष, तर काही महिने आधीच बोलणं करा, गरोदरपणात हे औषध चालतच नाही.

रक्त तपासणी मात्र चुकवायची नाही, बरं वाटत असलं तरी. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), लिव्हर, क्रिएटिनिन (किडनीसाठी), सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी आणि डोस नीट बसला की साधारण दोन-तीन महिन्यांनी. लिव्हरचे आकडे वाढायला लागतात तेव्हा बाहेरून काहीच कळत नाही, आईचे एकदा वाढले होते आणि ती मस्त चालत फिरत होती, डॉक्टरांनी डोस कमी केला आणि पुढच्या रिपोर्टला खाली आले. गुण यायला ६ ते १२ आठवडे लागतात हेही ध्यानात ठेवा, नाहीतर महिन्याभरात नुसता त्रास दिसतो आणि लोक आपलं आपणच बंद करतात.

वार चुकला तर बऱ्याचदा दोन दिवसांच्या आत घेतलं तर चालतं, त्यापुढे गेलं तर तो आठवडा सोडायचा, पण तुमच्या डॉक्टरांचं काय म्हणणं आहे ते पहिल्याच भेटीत विचारून फाइलवर लिहून ठेवा. दुप्पट डोस कधीच नाही.