बोअरची गाडी बोलवायच्या आधी

बोअर घ्यायचाच असं ठरलं असेल तर लगेच गाडीवाल्याला फोन लावू नका, आधी एप्रिल-मेमध्ये वही घेऊन शिवारातल्या जवळच्या पाच-सहा विहिरी फिरून या. किती परस (पुरुषभर उंचीचं माप) खोल, पाणी कुठवर गेलंय, मोटर किती तास चालते, उपसली की परत किती वेळात भरते, सगळं लिहा. मग काठावरून आत नीट बघा. महाराष्ट्राचा 80 टक्क्यांहून जास्त भाग लाव्हाच्या थरांचा आहे, त्यामुळे वर मुरूम, खाली मांजऱ्या (बारीक भोकांचा मऊ दगड), मग काळा पाषाण, मधेच गेरूसारखा तांबडा पट्टा, परत मांजऱ्या असं दिसतं, आणि ज्या थरातून पाझर आहे तिथे भर उन्हाळ्यातही ओला डाग आणि शेवाळ असतं. थर बहुतेक आडवेच, म्हणजे तुमचं रान त्या विहिरीपेक्षा 20 फूट उंच असेल तर तोच थर तुमच्याकडे साधारण 20 फूट जास्त खोल धरा. हे गणित फुकट आहे तरी कोणी करत नाही.

आसपासचे फेल गेलेले बोअरही विचारा, लोक लागलेलं पाणी सांगतात, कोरडा गेलेला सांगत नाहीत.

पाणाड्याला, म्हणजे पाण्याची जागा सांगणाऱ्याला, नारळ घेऊन फिरवायचं तर फिरवा, घरातल्या म्हाताऱ्यांचं समाधान होतं, पण खुंट्या ठोकून मशीनचा सर्व्हे पण करून घ्या, आणि दोन-तीन जागांचा करा. मशीनलाही पाणी दिसत नाही, खडक करंट किती अडवतो तेवढंच कळतं, म्हणून विहिरींची वही सोबत हवी.

कागदाचं म्हणाल तर सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत आहे का ते ग्रामपंचायतीत विचारा, आणि 2009 च्या भूजल कायद्यात 60 मीटरच्या पुढे गेलं की डीप वेल धरलंय हेही लक्षात ठेवा.

कुठे थांबायचं हे गाडी यायच्या आधीच घरात ठरवून ठेवा. आमचा दुसरा बोअर, 200 फुटांनंतर नुसती काळी कोरडी भुकटी उडत होती, तरी एजंट म्हणाला अजून 50 बघू, असं करत 480 फूट गेलो आणि बिल फुटावर, पाणी शून्य. फुटाचा रेट, केसिंगचा (वरच्या भागात घालायच्या पाइपचा) रेट आधीच लिहून घ्या, केसिंग कडक दगडात नीट बसल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नका, नाहीतर वरचा मुरूम ढासळून बोअर बुजतो. दर 10 फुटांवर मूठभर चुरा पिशवीत भरा, वर आकडा टाका. तांबडा चुरा आला किंवा भुकटी एकदम ओली होऊन गोळे पडायला लागले की फूट लिहा, पांढरे दाणे खूप दिसले तर दगडातली भोकं भरलेली आहेत, फार आशा नको.

पाणी लागलं की गाडीवाला म्हणेल दोन इंच आहे. इंच सोडा, सगळं पाणी एका चरातून काढून 15 लिटरची बादली लावा, 20 सेकंदात भरली तर तासाला 2700 लिटर झाले. लगेच मोजू नका, तासभर कॉम्प्रेसर चालू द्या, पहिला जोर साठलेल्या पाण्याचा असतो.

आणि कोरडा गेला तरी गाडी हलायच्या आत तोंडाला टोपण बसवून घ्या किंवा माती-दगडाने वरपर्यंत बुजवा, पोतं बांधून ठेवू नका, रानात पोरं खेळतात.