वळवाचा आठवडा: दुपारी दोनच्या आत रान मोकळं करा

राम राम मंडळी. कृत्तिका सरत आली, रोहिणी तोंडावर आहे. सोलापूर, धाराशिव, लातूरकडं सध्या पहाटेसुद्धा सदरा अंगाला चिकटतो. वारा पडलाय, उकाड्यानं जीव नकोसा होतो, आणि तिसऱ्या प्रहरी आभाळ काळं होऊन येतं. समुद्रावरून आलेलं बाष्प तापलेल्या जमिनीवर आलं की दुपारनंतर ती हवा झपाट्यानं वर चढते, म्हणून वळीव बहुतेक वेळा तीन ते सातच्या दरम्यानच गाठतो. एका शिवारात बांध फुटतात आणि ओढ्यापलीकडं धूळ उडत असते. काल आपल्याकडं पडला नाही म्हणून आज निर्धास्त राहू नका.

या आठवड्यात कामाचा दिवस पहाटे पाचला सुरू करा आणि दुपारी दोनला संपवा. काढणी, फवारणी, मजुरांची कामं सगळी त्या आत बसवायची. साडेअकरा-बाराला कोबीच्या गड्ड्यासारखे ढग उंच चढताना दिसले, त्यांचा माथा ऐरणीसारखा पसरला, की आवराआवर सुरू करा. अचानक गार वारा आणि धुळीचा लोट आला म्हणजे मग हातात मिनिटंच उरतात.

विजेचं जरा सविस्तर सांगतो, कारण दर उन्हाळ्यात यात माणसं जातात आणि त्यातली बरीच वाचू शकली असती. वीज चमकल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर धरा. तिसाच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, लगेच पक्क्या घरात किंवा बंद काचांच्या गाडीत जा. शेवटच्या गडगडाटानंतर पुढं अर्धा तास बाहेर पडू नका. पाऊस उघडला म्हणून लगेच शेळ्या सोडायला निघालेला माणूसच बऱ्याचदा सापडतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप मोबाईलमध्ये घेऊन ठेवा, आसपासच्या विजेचा इशारा त्यावर मिळतो. घरातल्या शाळकरी पोराला सांगा, तो दोन मिनिटांत घालून देईल.

झाडाखाली थांबू नका, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. आमच्या भावकीत एक दुभती म्हैस बांधावरच्या लिंबाला बांधलेली होती. पाऊस उघडल्यावर आम्ही गेलो, तर लिंबाची साल शेंड्यापासून बुडापर्यंत चार बोटं रुंद सोलून निघालेली, आणि म्हैस दाव्याला तशीच आडवी. झाडावर पडलेली वीज जमिनीतून पसरते. जनावराचे पुढचे आणि मागचे पाय एकमेकांपासून लांब असतात, त्यामुळं तो प्रवाह त्याच्या छातीतून जातो. उघड्या रानात सापडलातच तर दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे पडू नका, एकमेकांपासून लांब राहा. तारेचं कुंपण, विहिरीवरची मोटार आणि स्टार्टर यांना हात नको. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज शिल्लक राहत नाही, त्याला बेधडक हात लावा. श्वास बंद असेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला 100 ते 120 वेळा जोरानं दाबत राहा आणि दुसऱ्याला 108 ला फोन करायला सांगा.

जनावरांना हा दमट उकाडा कोरड्या उन्हापेक्षा जास्त जाचतो, म्हशीला आणि संकरित गाईला तर फारच. हवेतच ओल असली की फॉगरनं गोठा गार होत नाही, उलट कोंदटतो. त्यापेक्षा अंगावर पाणी मारा आणि लगेच पंख्याचा वारा द्या. वैरण पहाटे आणि दिवस मावळल्यावर टाका. घटसर्प आणि फऱ्याची लस अजून टोचली नसेल तर याच आठवड्यात सकाळच्या गारव्यात उरका. आणि एक धोका विसरू नका: वळवाच्या पाण्यानं ज्वारीच्या धसकटांना कोवळे फुटवे येतात, ते खाल्ले की किराळ, म्हणजे कोवळ्या ज्वारीची विषबाधा, लागून जनावर तासाभरात हातचं जातं. त्या रानात जनावर सोडू नका.

चाळीतल्या कांद्याकडं रोज बघा. ढिगात कोपरापर्यंत हात घाला. आत ऊब लागली, हाताला चिकट ओल आली आणि कुजका वास आला, तर त्या जागचा कांदा काढून निवडावाच लागेल. ताडपत्री फक्त झडीच्या बाजूला सोडा आणि पाऊस थांबला की लगेच वर गुंडाळा. चारी बाजूंनी बांधलेली चाळ म्हणजे कांद्याची वाफोळी. भिजलेला कांदा चांगल्या मालात अजिबात मिसळू नका, तो मिळेल त्या भावानं आधी विका. उपटलेल्या उन्हाळी भुईमुगाचंही तसंच, शेंगा वर करून वाळवा आणि ओल्या शेंगांचा ढीग घालू नका, बुरशी धरली की दाणा विषारी होतो. कडब्याच्या गंजीचा माथा निमुळता करून झाका.

डाळिंबावर फळं असतील तर पावसानंतर तेल्या रोगाचे डाग शोधा, डागी फळं तोडून बागेबाहेर पुरा, आणि छाटणीची कात्री प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करा. केशर आंबा सकाळीच देठासह झेल्यानं उतरवा.

पहिला चांगला वळीव पडला की त्याच संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघतात. साडेसात-आठला बॅटरी घेऊन लिंब, बाभूळ, बोरीखाली जा, फांद्या हलवा, पडलेले भुंगेरे गोळा करून रॉकेलमिश्रित पाण्यात टाका. हुमणीची वर्षाला एकच पिढी होते आणि अंडी घालायच्या आतच ती गाठायची असते. ऊसवाल्यांनी गावानं मिळून हे चार-पाच रात्री केलं, तर पुढं उसाच्या मुळाशी अळ्या शोधत बसावं लागत नाही. एकट्यानं केलं तर शेजारच्या बांधावरून ते पुन्हा येतात.

वळवाच्या ओलीवर मोगडणी, पाळी अशी मशागत उरकून घ्या, पण चाड्यावर मूठ धरू नका, म्हणजे पेरणीची घाई करू नका. सोयाबीनला 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊ द्या, आणि कपाशी जूनच्या आधी टोकू नका, लवकरची कपाशी गुलाबी बोंडअळीच्या तावडीत सापडते. ओल किती खोल गेली ते कुदळीनं चार ठिकाणी उकरून बघा. वर चिखल दिसतो आणि वितीखाली अजून धूळच असते.